फौजदाराची साखर

सुरुवातीलाच सांगून ठेवते, मला सल्ला नको आहे. बोक्याला मधुमेह झाला हे कळल्यापासून मला इतके सल्ले मिळाले आहेत की ते तोलायला आमच्या ऑफिसातला मोठा काटा आणावा लागेल. 'त्यापेक्षा कुत्रा पाळायचात' इथपासून 'मांजराला कसला आलाय मधुमेह, नखरे आहेत नुसते' इथपर्यंत सगळं ऐकून झालं आहे. हे सांगणारी माणसं स्वतः एक जिना चढताना दोनदा कठड्याला टेकतात, ते सोडून द्या.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारात जायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची आणि खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे माझं काम. इमारतीत मला सगळे इन्स्पेक्टरबाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि त्याने माझं काही बिघडत नाही. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवतात. स्वभावाने इतके गरीब की दारावर आलेल्या विक्रेत्यालाही 'नको' म्हणता येत नाही, म्हणून आमच्याकडे एकाच प्रकारचे चार झाडू आहेत. घरातला तिसरा सदस्य फौजदार. पिवळाधमक, मिशाळ, गलेलठ्ठ बोका. जप्तीच्या मालाच्या खोक्यात पिल्लू म्हणून सापडला. खोक्यातली वजनं झाडून सगळी खोटी निघाली, हा एकटा अस्सल.

आता मी भावुक बाई नाही. पण दिवसभर ज्या दुकानात पाऊल टाकावं तिथल्या माणसाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, अशी नोकरी केल्यावर संध्याकाळी दार उघडताच कुणीतरी धावत येऊन पायावर अंग टाकावं, याची किंमत मला कळते. माझा या बोक्यावर जीव आहे. सांगून टाकलं, आता पुन्हा सांगणार नाही.

तर या फौजदाराने एके दिवशी बादलीत तोंड घालून पाणी प्यायला सुरुवात केली आणि ते काही केल्या थांबेना. त्यातच त्याला खोकला लागला. मान जमिनीलगत लांब करायची, कोपरं बाहेर काढायची आणि भात्यासारखं खसखसायचं. हे म्हणाले, "केस अडकला असेल घशात." वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल, केवढा जाडा आहे." मी त्याला टोपलीत घातला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला.

या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण बोलणं असं की आपण शाळेत गृहपाठ न करता गेलो आहोत असं वाटावं. त्यांनी रक्त घेतलं, छाती ऐकली, फोटो काढला आणि म्हणाल्या, "याला मधुमेह आहे. आणि दमाही आहे."

"दोन्ही?" मी विचारलं.

"दोन्ही. पंचाईत अशी, की दम्यासाठी ज्या गोळ्या देतात त्यांनी साखर वाढते. म्हणून गोळ्या नाहीत. दम्याला तोंडावर मास्क लावून पंप, आणि साखरेला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. खाणं मोजून. जमेल?"

मला जमेल का, हे मला विचारत होत्या! जिने हयातभर दुसऱ्यांची मापं काढली तिला! मी म्हटलं, "मोजून म्हणजे किती दशांश स्थळांपर्यंत?" त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं.

औषधाच्या दुकानात खरी गंमत सुरू झाली. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, संगणकासमोर बसला आणि विचारलं, "पेशंटचं नाव?"

"फौजदार."

"ते आडनाव झालं. नाव?"

"तेच नाव आहे."

"मग आडनाव सांगा. त्याशिवाय संगणक पुढे जात नाही."

मी आमचं आडनाव दिलं. अशा रीतीने लग्नानंतर मला जे मिळालं ते बोक्यालाही मिळालं. मग वय विचारलं. मी अकरा सांगितलं. त्यावर संगणक लाल झाला. अकरा वर्षांच्या मुलाला हे औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञाची सही हवी म्हणे. मी सांगितलं की मुलगा नाही, बोका आहे. तो म्हणाला, "बोका असा पर्यायच नाही यात. पुरुष आहे, स्त्री आहे." मागे रांग वाढत चालली होती. एक आजोबा म्हणाले, "बाई, मुलाला आणा ना बरोबर, बघून देतील." शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बोक्याची अकरा वर्षं म्हणजे माणसाची साठ. मग आयुष्यात कधी काट्याचा एक ग्रॅमही इकडचा तिकडे न केलेल्या मी साठ वर्षं सांगितली. तेव्हापासून माझ्या मोबाइलवर 'प्रिय ज्येष्ठ ग्राहक फौजदार' यांना गुडघ्याच्या पट्ट्यांवर सवलत असल्याचे संदेश येतात.

सुई टोचणं सोपं निघालं. मानेमागची कातडी उचलायची, तंबू करायचा, टोचायचं. तो जेवणात गुंग असायचा, त्याला पत्ताही लागत नसे. मास्कने मात्र नाकी नऊ आणले. एक प्लास्टिकचं नळकांडं, त्याच्या एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला बोक्याच्या तोंडाच्या मापाचा गोल मास्क. तो नाकावर धरायचा आणि नळकांड्यातली प्लास्टिकची पापडी श्वासागणिक हलते, ती बघून श्वास मोजायचे. पहिल्या दिवशी फौजदार कपाटावर, दुसऱ्या दिवशी कपाटामागे आणि तिसऱ्या दिवशी यांच्या सदऱ्यात. शेवटी मला युक्ती सापडली. त्याला मांडीवर घ्यायचं आणि कानाशी अखंड बोलत राहायचं. 'शहाणं ते माझं बाळ, घे, अजून एक घे, झालंच आता.' हे मी कुणाशी कधी बोललेले नाही. यांना एकदा ताप आला होता तेव्हा मी 'झोपा मुकाट्याने' एवढंच म्हटलं होतं, त्याची आठवण यांनी करून दिली.

वन्संच्या टाल्कम पावडरने त्याला धाप लागते असंही लक्षात आलं. वन्सं पावडर लावल्याशिवाय कचराही टाकायला जात नाहीत. मी त्यांना आदराने सांगितलं, की आमच्याकडे येताना तोंड धुऊन या. यावर त्या यांना फोन करून म्हणाल्या, "दादा, मी तुझ्या घरी तोंड धुऊन यायचं? मांजरासाठी?" पुढे दोन रविवार त्या आल्या नाहीत, त्यामुळे फौजदाराला बराच आराम पडला.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. बाजारातले छापे भल्या सकाळी, दुकानं उघडताना घालायचे असतात. पण सकाळी सातला सुई, मग पंप, मग तो नीट खातो का ते बघायचं, कारण सुई घेऊन उपाशी राहिला तर साखर एकदम खाली जाते. त्यामुळे माझे छापे उशिरा पडू लागले आणि व्यापाऱ्यांना त्याचा वास लागला. मी पोचेपर्यंत बाजारातला प्रत्येक काटा देवमाणसासारखा खरा. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मांजर आडवं गेलं म्हणून सरकारी काम थांबलेलं मी पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, "साहेब, आडवं नाही गेलं, आजारी पडलंय. सकाळऐवजी मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत छापे घालते, ते तर त्यांना अजिबात कळणार नाहीत." तसंच केलं. त्या महिन्यात जप्तीचा ढीग लागला. साहेबांनी त्याबद्दल अभिनंदन केलं नाही, हे इथे नमूद करते.

हे सगळं ठीक चाललं होतं. चाललं नव्हतं ते एकच. साखर उतरत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी डोस थोडा वाढवला. साखर तिथेच. पुन्हा वाढवला. तिथेच. वर बोक्याचं वजन वाढत होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खाणं नक्की मोजून देता ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा प्रश्न मी लोकांना विचारते! घरी आले, ऑफिसातून प्रमाणित वजनं मागून आणली आणि स्वयंपाकघरातला काटा तपासला. काटा खरा. उकडलेली कोंबडी काट्यावर, उकडलेला मासा काट्यावर, सगळं अचूक. सुया मोजल्या, बरोबर. मग हे वाढीव वजन येत कुठून होतं? हवेतून?

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई मऊ आवाजात बोलल्या, आणि त्या मऊ बोलल्या तेव्हाच माझ्या तोंडचं पाणी पळालं. "असाच डोस वाढवत राहिलो आणि एखाद्या दिवशी याने कमी खाल्लं, तर तो झोपेतच जाईल. न वाढवावा तर साखर त्याला पोखरतेय. मागचे पाय बघा, आत्ताच लटपटतायत. पुढच्या तपासणीपर्यंत फरक पडला नाही, तर मग त्याला या त्रासातून कायमचं सोडवण्याचा विचार करावा लागेल."

सोडवणं. हा शब्द दुसऱ्या दिवशी इमारतभर झाला, कारण मी तो यांना सांगितला आणि यांनी वन्संना. जिन्यात भेटेल तो हळहळून म्हणू लागला, "सोडवा हो त्याला. किती हाल." ज्यांनी फौजदाराला आजवर फक्त 'हाड' म्हटलं होतं त्यांनाही त्याचे हाल बघवेनात. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "तो खातो, लोळतो, खिडकीतल्या कबुतराला शिव्या देतो. त्याला सुटायचं असेल तेव्हा तो मला सांगेल. तुम्ही मधे पडू नका."

आणि याच मुहूर्तावर जिन्याच्या फलकावर सेक्रेटरीकाकांची नोटीस लागली.

सेक्रेटरीकाका तळमजल्यावर मुलगा आणि सुनेजवळ राहतात. निवृत्त माणूस, ताठ कणा, इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. इमारतीत पाण्याची टाकी धुण्यापासून सायकल कुठे लावावी इथपर्यंत सगळं त्यांच्या नोटिशीवर चालतं. नोटिशीत लिहिलं होतं, की तिसऱ्या मजल्यावरील मांजर दीर्घकाळ आजारी असून त्यास सतत खोकला येतो व सुया टोचाव्या लागतात. असा रोगट प्राणी इमारतीत ठेवू नये, असा ठराव रविवारच्या सभेत मांडण्यात येईल.

मी नोटिशीखाली पेनाने लिहिलं, 'ठेवणार.' आणि सही केली.

पण मनातून मी हादरले होते. एका बाजूला सभा, दुसऱ्या बाजूला तपासणी आणि मधे तो लटपटत्या पायांचा बोका. त्या दिवशी भांडी घासताना मी रडले. नळ सोडून रडले, म्हणजे यांना ऐकू गेलं नाही. मग डोळे पुसले आणि माझ्या नोकरीने शिकवलेली एकमेव गोष्ट आठवली. वजन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. बोका फुगतोय म्हणजे कुणीतरी मापात पाप करतंय. अशा वेळी आमच्या खात्यात एकच काम करतात. छापा.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी नेहमीसारखी पिशवी घेऊन बाहेर पडले, कोपऱ्यावर जरा थांबले आणि मागच्या जिन्याने परत आले. पिशवीत फौजदाराचा धाप लागल्यावर द्यायचा निळा पंप आणि नळकांडं होतं. जिने चढल्यावर त्याला कधीकधी लागतं.

आमच्या दाराची फट उघडी होती, शाळा दुपारची असल्याने हे घरात होते. मी फटीतून बघितलं. यांच्या एका हातात लोणी लावलेला टोस्ट होता, दुसऱ्या हातात त्याच टोस्टचा तुकडा आणि तुकड्याखाली फौजदार. मी दार ढकललं. टोस्ट खाली पडला.

"अहो!"

"अगं, त्याने माझ्याकडे बघितलं," हे म्हणाले. "चतकोरच देतो. रोज चतकोर."

यांचा जबाब मी नंतर घ्यायचं ठरवलं, कारण तेवढ्यात फौजदार सराईत चालीने दाराबाहेर पडला. मी मागे. तो वरच्या मजल्यावर गेला आणि वन्संच्या दारावर पंजा मारला. दार उघडलं. "आलास का रे माझ्या राजा," वन्संचा आवाज आला, "उपाशी ठेवते ना तुला ती? घे, साय घे." मी कठड्याआडून पुढे झाले. वन्संच्या हातातली वाटी तशीच राहिली. तोंडाला पावडर नव्हती, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

"वहिनी, एक चमचा फक्त," त्या पुटपुटल्या. "तुझ्याकडचं ते इस्पितळातलं जेवण बघवत नाही गं."

टोस्ट आणि साय. पण माझ्या हिशेबाने एवढ्यावर भागत नव्हतं. फौजदाराने मिशा चाटल्या आणि तो गच्चीकडे निघाला.

गच्चीवर टाकीच्या सावलीत सेक्रेटरीकाका पाठमोरे बसले होते. शेजारी पत्र्याचा डबा. फौजदार जाऊन त्यांच्या गुडघ्याला घासला. काकांनी डब्यातून क्रीमचं बिस्किट काढलं, पिळून त्याचे दोन भाग केले, क्रीमचा भाग फौजदारापुढे धरला आणि कोरडा स्वतःच्या तोंडात टाकला. मग दुसरं. मग तिसरं. दोघांत काहीतरी जुनी भागीदारी असावी इतकं ते बिनबोभाट चाललं होतं.

"काका!"

ते दचकले, पण सेक्रेटरीच ते. "इन्स्पेक्टरबाई, गच्चीवर यायची वेळ संध्याकाळची आहे," म्हणाले.

"नोटीस काढता आणि वर त्यालाच बिस्किटं चारता?"

"नोटीस सेक्रेटरीने काढली आहे. बिस्किटं मी देतो."

मी डबा उचलला. "त्याला मधुमेह आहे, काका! तो मरतोय यानं!"

"मलाही आहे," काका शांतपणे म्हणाले. "आणि दमाही. अगदी त्याच्यासारखंच सगळं."

मी डबा खाली ठेवला. काका फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "घरात सगळं मोजून मिळतं मला. चांगली आहे सून, पण पोळीसुद्धा मोजते. या इमारतीत माझ्यासारखं मोजून खाणारा दुसरा कोण? हाच. एक दिवस हा इथे आला, मी त्याला बिस्किट दिलं. म्हटलं, दोघांपैकी एकाने तरी क्रीम खावं."

"मग ती नोटीस कशाला?"

काकांचे कान लाल झाले. "सून म्हणाली, 'आप्पा, बघा, वरचं मांजरसुद्धा निमूट सुई घेतं. तुम्हीच लहान मुलासारखं करता.' माझी तुलना मांजराशी! चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची! त्याच संध्याकाळी नोटीस टाइप केली."

"आणि सुई?"

"ती महिन्यापूर्वीच बंद केली. सून समजते, मी खोलीत जाऊन घेतो. सिरिंज भरतो आणि बेसिनमध्ये सोडतो." ते टाकीकडे बघत होते. "कशाला हवंय हे रोजचं टोचणं, मोजणं? दुसऱ्यांना ताप. बोक्यालाही सोडवा, बाई. तोही सुटेल, तुम्हीही सुटाल."

माझी सहनशक्ती तिथे संपली. "तुम्हाला सुटायचंय तर तुम्ही सुटा!" मी ओरडले. "माझ्या बोक्याला कशाला बरोबर नेताय? त्याला विचारलंत? त्याला अजून सतरा कबुतरांचे हिशेब चुकते करायचेत! आणि ताप कुणाला होतोय ते तुम्ही कोण ठरवणार? मी पहाटे उठते, साहेबांची बोलणी खाते, नणंदेला तोंड धुवायला लावते, ते काय मला कुणी शिक्षा दिली म्हणून? मला तो हवाय! समजलं? ज्याला आपण हवे असतो ना काका, त्याला न विचारता सुटायचं नसतं!"

काका 'सतरा कबुतरं' म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला आणि खोकल्याची धाप. मान पुढे, कोपरं बाहेर, छातीत शिट्टी. हे चित्र मी रोज बघते, फक्त शेपटीसकट.

"तुमचा पंप कुठाय?"

"घरी," त्यांनी हातानेच सांगितलं. "खिशात... दिसतो... लोकांना."

मी पिशवीतून नळकांडं काढलं. निळा पंप माणसांचाच असतो, तो जोडला. मास्क बोक्याच्या मापाचा, तो काकांच्या जेमतेम ओठांवर बसला. नाक मी चिमटीत धरलं. पंप दाबला, पापडी हलू लागली आणि माझ्या तोंडून सवयीने सुरू झालं, "शहाणं ते माझं बाळ, घे, अजून एक घे, झालंच आता." सोसायटीचे सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, डोळे विस्फारलेले, तोंडाला मांजराचा मास्क. शेजारी फौजदार बसून अत्यंत समाधानाने बघत होता. आजवर हा प्रसंग फक्त त्याच्यावर यायचा.

हळूहळू शिट्टी थांबली. काकांनी घाम पुसला आणि पहिलं वाक्य बोलले, "हे कुणाला सांगू नका."

"मी छापे घालते काका, चुगल्या करत नाही. पण सुई आजपासून सुरू. आणि नोटीस मागे घ्या."

"सुईचं बघू. नोटीस मागे घेता येत नाही. लावलेली नोटीस सभेपुढे जावीच लागते. नियम आहे."

मी डबा जप्त केला आणि खाली आले.

रविवारी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. यांना आणि वन्संना मी माझ्या दोन बाजूंना बसवलं होतं. दोघंही शिक्षा झाल्यासारखे ताठ होते. फौजदार टोपलीत, माझ्या मांडीवर. सुनेला काही कल्पना असावी असं वाटलं नाही; ती पहिल्या रांगेत कौतुकाने सासऱ्यांकडे बघत होती. मधल्या मजल्यावरचे विमा एजंट उठून म्हणाले, की रोगट जनावरामुळे घरांचे भाव पडतात. कुणी म्हणालं, खोकल्याने पोरांची झोपमोड होते. कुणी पुन्हा 'सोडवा' म्हणालं. त्या शब्दावर मी उठले.

"ऐका," मी म्हटलं. "ज्याला सुई लागते, ज्याला धाप लागते, ज्याला मोजून खावं लागतं, असा जीव इथे नको, असं ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा. पण माप सगळ्यांना एकच लावायचं, ही माझ्या खात्याची शिस्त आहे. ठरावातला 'मांजर' हा शब्द खोडा आणि मग हात वर करा. बघू कोण करतं ते. आणि तुम्ही सगळ्यांनी केले तरी सांगते, हा इथेच राहणार. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी त्याला सुई देणार. कुणाला थांबवायचं असेल त्याने त्या वेळी यावं, सुया माझ्याकडे पुष्कळ आहेत."

विमा एजंट स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. मी काकांकडे बघितलं नाही, शब्द दिला होता. पण काका उभे होते. हातातला ठरावाचा कागद त्यांनी एकदा वाचला, दोनदा वाचला, मग खाली ठेवला.

"सभेला एक माहिती द्यायची आहे," ते सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले. "मला मधुमेह आहे, दमाही आहे. महिनाभर मी सुई घेतलेली नाही. सूनबाई, तुला फसवलं. परवा गच्चीवर मला या बोक्याच्या मास्कने श्वास मिळाला. ठराव मंजूर झाला तर हा जिथे जाईल तिथे मलाही पाठवा. आमचं जमतं."

सून उठली. तिचा चेहरा असा झाला होता की आता ही रडणार की मारणार ते कळेना. "आप्पा," ती म्हणाली, "महिनाभर? महिनाभर मी तुमच्या पोळ्या मोजतेय, दूध मोजतेय, आणि तुम्ही—" ती तरातरा घरात गेली आणि सुयांची पेटी घेऊन आली. "हात पुढे करा. इथेच. सगळ्यांसमोर. मला आता तुमच्या खोलीचा भरवसा नाही."

"लोक बघतायत, सूनबाई."

"बघू देत! माझा सासरा आहे! मला हवाय तो!"

काकांनी बाही वर केली. सुई बघून ते इतके पांढरे पडले की मी टोपली उघडून फौजदाराला त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एका हाताने त्याची मान धरली, डोळे घट्ट मिटले आणि सूनबाईंनी टोचलं. फौजदाराने काही केलं नाही, काका मात्र जोरात ओरडले.

त्यानंतर मतदान घ्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पुढच्या तपासणीला फौजदाराची साखर उतरली होती. पूर्ण नाही, पण उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला, 'सोडवण्याचं' तूर्त बघू नका म्हणाल्या आणि मी काय वेगळं केलं ते विचारलं. मी म्हटलं, गळती बंद केली. पाय अजून लटपटतात, धाप अजून लागते. उद्याचं मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही.

परवा फलकावर त्या सभेचं इतिवृत्त लागलं. काकांनीच टाइप केलेलं, खाली त्यांची सही. मतदान झालं नव्हतं, पण नियमाला धरून चालणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा न झालेलं मतदान झालं असं लिहिलं होतं. मी ते जिन्यात उभी राहून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि यांना हाक मारून वाचायला लावलं.

'ठराव: मांजर राहील. सेक्रेटरीही राहील. सूचक, इन्स्पेक्टरबाई. अनुमोदक, माझी सून. एकमताने मंजूर.'